बातमी पाठवायची तीन ठिकाणी, ठेवायची एका ठिकाणी

पोस्ट लांब आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मुद्दाम लिहितोय. सवडीने वाचा, पण वाचा.

गेल्या आठवड्यात महाडच्या कॉलेजातली एक मुलगी घरी आली होती. तिला जुन्या पुलांवर प्रकल्प करायचाय. म्हणाली, "सर, सावित्रीचा पूल पडला तेव्हा तुम्ही रोज लिहीत होतात असं बाबा सांगतात. ते सगळं वाचायला मिळेल का?" पूल पडला २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री. तेव्हा ही पोरगी तिसरी-चौथीत असेल.

मी म्हटलं, मिळेल की! लॅपटॉप उघडला. त्या काळात माझे तीन ब्लॉग होते, तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे, तिन्ही फुकटातले. कॉम्प्युटरवर एक ॲप टाकलं होतं. त्यात एकदा लिहायचं आणि एक बटण दाबलं की तिन्हीकडे जायचं. तेव्हा मला वाटायचं, तीन ठिकाणी आहे म्हणजे काय, चिंताच मिटली.

त्या दिवशी बघतो तर पहिली सेवा कधीच बंद पडलेली. दुसरीचा पासवर्ड ज्या मोबाईल नंबरवर येतो तो नंबर माझ्याकडे नाही. तिसऱ्यावर मजकूर अर्धामुर्धा आहे, फोटोंच्या जागी पांढरे चौकोन आणि काही परिच्छेदांत नुसती प्रश्नचिन्हं. पोरगी बिचारी म्हणाली, "असू दे सर." मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती गेल्यावर माळ्यावरची ट्रंक काढली. जुलै २००५ ची फाईल सापडली. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. डोंगर खाली आला त्या दिवसांतल्या माझ्या बातम्या, हाताने लिहिलेल्या. वीज नव्हती, फॅक्स बंद, म्हणून पुन्हा कागदावर आलो होतो. कार्बनची निळी अक्षरं थोडी फुटलीत, पण वाचता येतात. अगदी सगळी.

म्हणजे वीस वर्षांपूर्वीचं हातातलं लिखाण शाबूत, आणि २०१६ चं, तीन-तीन ठिकाणी 'सुरक्षित' असलेलं, गेलं. हे असं का झालं, याचा इतिहास मला सांगायचाय. कारण आज आपल्या दोन तालुक्यांत बातमी देणारे पाच-पन्नास मोबाईल आहेत आणि बहुतेक जण मी केलेलीच चूक करतायत.

सुरुवात कार्बन पेपरपासून करतो. तालुक्याच्या वार्ताहराला एका पेपरवर कधीच भागत नसे. मानधन नावापुरतं. म्हणून एकच बातमी तीन पेपरांना. कागद, कार्बन, कागद, कार्बन असा थर लावायचा आणि बॉलपेन दाबून लिहायचं. तीन पाकिटं करायची. मुंबईकडे जाणारी संध्याकाळची एसटी गाठायची, ड्रायव्हरला विनंती करायची. प्रत्येक पेपरची तऱ्हा निराळी. एकाला कागदाच्या एकाच बाजूला लिहिलेलं हवं. दुसरा म्हणे मथळा तुम्ही देऊ नका, आम्ही देतो. तिसरा म्हणे शंभर शब्दांत आटपा. मजकूर एक, पण पाकीट तिघांचं वेगळं. आणि सगळ्यात खालची, सर्वात फिकट चौथी प्रत आपल्या फाईलला. मला शिकवणारे जुने वार्ताहर सांगायचे, "पेपरवाला छापो न छापो, आपली प्रत आपल्याकडे पाहिजे." ही एकच ओळ मी पुढे विसरलो.

आता थोडं मागे जाऊ. स्वतःची जागा असणं म्हणजे काय, हे या महाडनेच देशाला दाखवलंय. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. २० तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात काय झालं हे आपल्याला माहीत आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवली गेली आणि परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. लक्षात घ्या, १९२७ सालात, ना फोन ना मोबाईल, आणि अफवा गावभर पसरायला काही वेळ लागला नाही.

या घटनेवर पेपरांतून बरंच उलटसुलट छापून आलं. बाबासाहेबांनी काय केलं? ३ एप्रिल १९२७ ला, म्हणजे चौदाव्या दिवशी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक काढला. आधीचं 'मूकनायक' १९२० सालचं, ते बंद पडलं होतं. दुसऱ्याच्या पेपरात आपली बाजू किती आणि कशी येणार हे दुसरा ठरवणार. आपल्या पेपरात आपण ठरवणार. पुढे तळ्याचा दावा दहा वर्षं चालला, मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल बाजूने लागला. आज चवदार तळ्यावर अभ्यास करणारा माणूस 'बहिष्कृत भारत'च्या अंकांकडे जातोच जातो, कारण ते लिहून, छापून, जपून ठेवलं गेलं.

आता इंटरनेटवर येऊ. मराठी माणूस तिथे लवकर पोचला. 'मायबोली' १९९६ ची, 'मनोगत' २००४ चं. पण आमच्यासारख्यांना मोठी अडचण होती ती फॉन्टची. आम्ही टाईप करायचो श्रीलिपी नाहीतर शिवाजी फॉन्टमध्ये. ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला आमची बातमी म्हणजे इंग्रजी अक्षरांची भेळ. युनिकोड आलं, अंगवळणी पडलं, तेव्हा कुठे एका ठिकाणचं मराठी दुसऱ्या ठिकाणी मराठीच दिसू लागलं.

त्याच सुमाराला ब्लॉग आले. ब्लॉगर १९९९ चं, २००३ मध्ये गुगलने घेतलं. वर्डप्रेसही २००३ चंच. ब्लॉगवर लिहायचं तर वेबसाईट उघडायची, लॉगिन करायचं आणि त्या चौकोनात टाईप करायचं. मध्येच लाईन तुटली की लिहिलेलं सगळं पाण्यात. महाडच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

यावर उपाय निघाला तो दुरून पोस्ट पाठवणाऱ्या ॲपचा. ॲप आपल्या कॉम्प्युटरवर, लिखाण नेट नसताना करायचं, लाईन आली की एका दमात पाठवायचं. यासाठी दोन यंत्रांना एकमेकांची भाषा कळायला हवी. तशी एक भाषा १९९८ मध्ये तयार झाली, तिचं नाव एक्सएमएल-आरपीसी. अवघड नाव आहे, काम सोपं आहे. पाकिटावर पत्ता, आत ठरलेल्या क्रमाने माहिती: कोणता ब्लॉग, कोणाचं नाव, पासवर्ड काय, मजकूर काय, आणि लगेच छापायचं की मसुदा म्हणून ठेवायचं. वर्डप्रेसच्या साईटवर हे पाकीट स्वीकारणारी खिडकी म्हणजे एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी नावाची फाईल.

यात एक गंमत, पण आपल्यासाठी महत्त्वाची. या भाषेच्या मूळ नियमांत मजकूर म्हणजे 'आस्की' अक्षरं असं लिहिलं होतं. म्हणजे इंग्रजी मुळाक्षरं आणि चिन्हं. मराठीला दारच नाही! जून २००३ मध्ये तो 'आस्की' शब्द नियमातून काढला. तरीही बरीच वर्षं काही ॲप आणि काही सर्व्हर मराठीची प्रश्नचिन्हं करत राहिले. माझ्या तिसऱ्या ब्लॉगवरची प्रश्नचिन्हं बघितली तेव्हा मला हे आठवलं.

दुसरी गोष्ट. ब्लॉगरने २००१ च्या सुमारास बाहेरच्या ॲपसाठी जी पहिली पद्धत दिली तिच्यात मथळ्याची जागाच नव्हती. नुसता मजकूर. मग मार्च २००२ मध्ये मेटावेब्लॉग नावाची पद्धत आली, तिच्यात मथळा आला, फोटो पाठवायची सोय आली. मूव्हेबल टाईपवाल्यांनी विषयवार वर्गीकरण वगैरे आपली भर घातली. थोडक्यात काय, एक म्हणे मथळा देऊ नका, दुसरा म्हणे द्या, तिसऱ्याचं आणखी काही. आमच्या तीन पेपरांची तऱ्हाच! म्हणून ॲपमध्ये प्रत्येक ब्लॉग वेगळा जोडावा लागायचा आणि त्याचा प्रकार निवडावा लागायचा. प्रकार चुकला की मथळा गायब, नाहीतर बातमीच परत.

२००६ मध्ये मायक्रोसॉफ्टचं विंडोज लाइव्ह रायटर आलं आणि हे काम बरंच सोपं झालं. ब्लॉगचा पत्ता, नाव, पासवर्ड दिलं की बाकीचं ते स्वतः शोधायचं. रानबाजिरे, कापडे, उमरठ, साखर या बाजूला फिरणाऱ्याला रेंज कुठल्या वळणावर येते ते पाठ असतं. लिखाण गावात बसून करायचं आणि रेंजच्या वळणावर गाडी थांबवून पाठवायचं, ही पद्धत आपल्यासाठी चैन नाही, गरज आहे. आजही.

ही गरज किती मोठी, ते दोन आपत्तींवरून बघा. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत मुंबईतल्या काही ब्लॉगरांनी पुढाकार घेऊन मदतीचा ब्लॉग उभा केला होता. श्रीलंकेच्या किनाऱ्यावरून एसएमएसने येणारे निरोप इकडे बसून ब्लॉगवर चढवले जात होते. आणि पुढच्याच जुलैत आपल्याकडे काय होतं? २५ जुलैच्या रात्री डोंगर खचायला लागले. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळ्यांचे कॅमेरे तिकडे वळले. मुंबईचं सुख-दुःख तासातासाला जगाला कळत होतं. जुई आणि दासगावचं कळायला दिवस गेले.

२२ जुलै २०२१ ला पुन्हा तेच. महाड शहर पाण्याखाली, वीज नाही, टॉवर बंद, रस्ते तुटलेले. तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि खबर बाहेर पडायला मौल्यवान तास गेले. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही माणसं गेली. प्रत्येकाच्या खिशात स्मार्टफोन होता. पण बातमी पाठवायची सगळी साधनं रेंजवर उभी होती. रेंज गेली, साधन गेलं.

मधल्या काळात इंटरनेटवरची दारंही एकेक करून बंद होत होती. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली तेव्हा आम्ही हळहळून लेख लिहिले. पण त्याच्या मागेपुढे काय काय बंद झालं तिकडे कोणी बघितलं नाही. ज्याच्यावर हजारो लोकांची पानं होती ते याहूचं जिओसिटीज २००९ ला गेलं. ईमेलने पोस्ट पाठवता येणारं पोस्टरस एप्रिल २०१३ मध्ये गेलं. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये गेलं, त्याबरोबर गडकिल्ल्यांवरच्या किती चर्चा गेल्या! २०१५ मध्ये गुगलने जुनी लॉगिन पद्धत थांबवली, तेव्हा लाइव्ह रायटरवरून ब्लॉगरवर पोस्ट जाणं थांबलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते ॲप ओपन लाइव्ह रायटर म्हणून खुलं झालं. १ ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकच्या वैयक्तिक प्रोफाईलवर बाहेरच्या ॲपमधून आपोआप पोस्ट टाकणं बंद झालं, पेजपुरतं राहिलं. २०२३ मध्ये ट्विटरने फुकटची सोय आवळली आणि वर्डप्रेसवरून तिकडे आपोआप जाणाऱ्या पोस्टही थांबल्या.

यात कोणाला शिव्या घालायच्या नाहीत. काही बदल सुरक्षेसाठीच होते. वर्डप्रेसच्या त्या खिडकीतून चोर एका पाकिटात शेकडो पासवर्ड कोंबून आजमावत होते, म्हणून बऱ्याच होस्टिंगवाल्यांनी ती खिडकीच लावून घेतली. आज ॲप 'जोडता येत नाही' म्हणतं तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. पण मुद्दा असा की दार दुसऱ्याचं आहे. तो केव्हा लावेल हे तो ठरवणार.

आता माझी आणखी एक चूक सांगतो, ती मला जास्त टोचते. एका पावसाळ्यात मी लिहिलं की अमुक रस्ता वाहतुकीला बंद आहे. एका माणसाच्या सांगण्यावरून लिहिलं, खातरजमा केली नाही. अर्ध्या तासात कळलं, बंद आहे तो दुसरा रस्ता. मी लगेच मूळ पोस्ट दुरुस्त केली आणि निश्चिंत झालो. पण ॲपने ती आधीच आणखी तीन ठिकाणी पाठवली होती, तिथे चुकीचंच राहिलं. त्यातून स्क्रीनशॉट निघाले आणि व्हॉट्सॲपवर दोन दिवस फिरले. एक कुटुंब आजारी माणसाला घेऊन लांबच्या रस्त्याने गेलं. माणूस वाचला, देवाची कृपा. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून तर जास्त लागलं.

तांत्रिक बाजू अशी की पाठवलेल्या प्रत्येक पोस्टला समोरून एक नंबर मिळतो. ॲपकडे तो नंबर असेल तर तीच पोस्ट तिथे जाऊन दुरुस्त करता येते. नंबर हरवला की दुरुस्ती म्हणजे नवीन पोस्ट, आणि जुनी तशीच. चार दारांनी बातमी पाठवायची सोय असेल तर चारही दारांनी दुरुस्ती पाठवायची सोय आहे का, हे आधी बघायला हवं. १९२७ ची अफवा आठवा. नंतर खुलासे किती झाले असतील, पण फुटलेली डोकी फुटलीच होती.

वेळेचंही तसंच. सर्व्हरची वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असू शकते. सावित्रीचा पूल पडला रात्री. मी पहिली ओळ लिहिली पहाटे तीनला, म्हणजे ३ ऑगस्टला. पण ब्लॉगवर तारीख पडली २ ऑगस्ट. उद्या कोणी चौकशीत किंवा कोर्टात विचारलं की तुम्हाला केव्हा कळलं, तर एवढ्याशा सेटिंगवरून माणूस खोटा ठरेल. दोन एसटी आणि आणखी गाड्या त्या पाण्यात गेल्या होत्या. मिनिटामिनिटाला किंमत होती. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला, त्याच्या बातम्या सगळीकडे मिळतात. पहिल्या रात्रीच्या मिळत नाहीत.

मग करायचं काय? मी आता काय करतो ते सांगतो.

मूळ लिखाण आधी माझ्या फोनमध्ये आणि लॅपटॉपवर, साध्या मजकुराच्या फाईलमध्ये, नावात तारीख घालून. फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये. ही माझी चौथी प्रत. मग स्वतःच्या पत्त्याची एक साईट, वर्षाचे पैसे भरून. तिला पोस्टिंगचं ॲप जोडलेलं आहे. ॲपला मी माझा मुख्य पासवर्ड देत नाही. वर्डप्रेसमध्ये डिसेंबर २०२० पासून ॲपसाठी वेगळा पासवर्ड काढता येतो, फोन हरवला तर तेवढाच रद्द करायचा. पत्ता लिहिताना सुरुवातीला एचटीटीपीएस आहे ना, ते बघायचं. टाइम झोन कोलकाता. पहिली पोस्ट कायम मसुदा म्हणून पाठवायची आणि साईटवर जाऊन बघायचं: मथळा आला का, जोडाक्षरं नीट आहेत का, 'दऱ्या' आणि 'पायऱ्या' मधला र फुटला नाही ना, फोटो दिसतो का. फोटो आधी लहान करायचे, नाहीतर बारक्या रेंजमध्ये सगळंच अडकतं.

साईटवर आल्यावर मग फेसबुक पेज, व्हॉट्सॲप, बाकी सगळीकडे. तिथे मूळ पानाची लिंक द्यायची, म्हणजे दुरुस्ती केली की निदान लिंक उघडणाऱ्याला नवीन वाचायला मिळेल. कुठे कुठे पाठवलं त्याची वहीत नोंद. हो, वहीतच! आणि दर महिन्याला साईटची सगळी प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर, एक माझ्याकडे आणि एक दुसऱ्या गावातल्या मित्राकडे, कारण महाडात पाणी कुठपर्यंत चढतं हे आपण २०२१ ला बघितलंय.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, लोक दोन दिवसांत विसरतात. लोक विसरतात म्हणूनच. दासगावच्या माणसाला पुनर्वसनाच्या कामासाठी त्या दिवसांतलं काही दाखवावं लागतं, तेव्हा तो विचारत येतो. तळियेच्या मुलांना दहा वर्षांनी आपल्या गावाचं काय झालं ते वाचावंसं वाटेल. त्यांना आपण काय दाखवणार, पांढरे चौकोन?

माझी विनंती आपल्या दोन तालुक्यांतल्या सगळ्या पेजवाल्यांना, यूट्यूबवाल्यांना, ग्रामपंचायतींचे ग्रुप चालवणाऱ्या पोरांना. पाऊस जोर धरायच्या आत एक दिवस काढा. फोन घेऊन माझ्याकडे या, ॲप जोडून देतो. फुकट. चहा माझा. २०१६ च्या त्या दिवसांत कोणी माझ्या ब्लॉगवरून काही उतरवून घेतलं असेल, प्रिंट काढली असेल, स्क्रीनशॉट ठेवला असेल, तर कृपा करून मला पाठवा. त्या पोरीचा प्रकल्प अजून व्हायचाय.

आणि ही पोस्ट? फेसबुकवर टाकायच्या आधी माझ्या फाईलमध्ये गेली आहे. शिवाय एक प्रिंट ट्रंकेत.